मनातलं ऐकू आलं तर?

नोव्हेंबरातली शनिवारची रात्र. बाहेर वारा असा सुटलेला की आमचा कचऱ्याचा डबा दोनदा रस्त्यावर पळाला आणि दोनदा मी जॅकेट चढवून त्याला धरून आणला. लेटरकेनीत या दिवसांत संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे रात्रीचे आठ म्हणजे मध्यरात्र वाटते. लेक झोपली होती. सांगलीहून आणलेल्या भडंगाचं शेवटचं पाकीट बायकोने फोडलं, आणि डोक्याला ताप नको असं काहीतरी बघू म्हणून आम्ही ‘केऑस वॉकिंग’ लावला. स्पायडरमॅनवाला टॉम हॉलंड आहे, परग्रह आहे, पाठलाग आहे. पावणेदोन तासांचा टाइमपास, एवढीच अपेक्षा. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी आमचा आई-बाबांना कॉल असतो. त्या कॉलपर्यंत हा सिनेमा डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

लेटरकेनी कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मलाही २०२२ पर्यंत माहीत नव्हतं. आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल नावाची काउंटी आहे, तिच्यातलं हे सगळ्यात मोठं गाव. वस्ती २२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढीसुद्धा नाही. अख्ख्या काउंटीत रेल्वे नाही. डब्लिनला जायचं तर बसने चारेक तास, आणि मध्येच ती बस उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत शिरून परत आयर्लंडात येते. फोनवर मेसेज येतो तेवढीच काय ती सीमा. इथे प्रॅमेरिका नावाची एका अमेरिकी विमा समूहाची आयटी कंपनी होती, ती २०२० मध्ये टीसीएसने घ्यायची ठरवली, आणि तेव्हापासून या पावसाळी गावात ‘काय, कुठले तुम्ही?’ असं विचारणारी माणसं अधूनमधून भेटू लागली. मी त्या कंपनीतला नाही. आम्ही २०१९ मध्ये डब्लिनला आलो, तिथलं भाडं परवडेना, घरून काम करायची सोय होती म्हणून इकडे सरकलो.

आता सिनेमा. साल २२५७. ‘न्यू वर्ल्ड’ नावाच्या ग्रहावर पृथ्वीवरची माणसं वस्ती करायला गेली आहेत. तिथे गेल्यावर एक भलतंच होऊन बसतं. पुरुषांच्या मनात जे जे येतं ते सगळ्यांना ऐकू येतं, दिसतंसुद्धा. डोक्याभोवती रंगीत धुरासारखं वलय, त्यात चित्रं, पुटपुट, शिव्या, आठवणी, काहीही. त्याला ते ‘नॉइज’ म्हणतात. बायकांच्या मनातलं मात्र तिथे काहीच ऐकू येत नाही. टॉड हा पोरगा ज्या प्रेंटिसटाउनमध्ये वाढलाय तिथे तर एकही बाई उरलेली नाही. ग्रहावरच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे ‘स्पॅकल’ लोकांनी, सगळ्या बायका मारल्या असं गावातल्या पोरांना शिकवलेलं आहे. मग एक दिवस पृथ्वीवरून आलेलं छोटं यान कोसळतं, त्यातून व्हायोला नावाची मुलगी एकटी वाचते, टॉड तिला घेऊन पळतो आणि गावाचा महापौर घोड्यावरून त्यांच्या मागे लागतो. हो, घोड्यावरून. परग्रहावर चिखल, लाकडी घरं, घोडे आणि बंदुका. मला ते आवडलं. नव्या जागी गेलेला माणूस सगळ्यात आधी जुन्याच वस्तू मांडतो हे आमचा ओटा बघितला तरी पटेल. कुकर, पोळपाट, मिसळणाचा डबा.

सिनेमा म्हणून सांगायचं तर हे प्रकरण फारसं जमलेलं नाही. पॅट्रिक नेस यांची मूळ कादंबरी २००८ ची, पुढचे दोन भाग २००९ आणि २०१० मध्ये आले. लायन्सगेटने हक्क घेतले २०११ मध्ये. डग लायमन यांनी चित्रीकरण केलं २०१७ मध्ये, मग २०१९ मध्ये दुसऱ्याच दिग्दर्शकाला बोलावून काही भाग पुन्हा चित्रित झाला, आणि शेवटी मार्च २०२१ मध्ये, थिएटरं धड उघडलेली नसताना, सिनेमा बाहेर पडला. अंदाजे १०० दशलक्ष डॉलर खर्च आणि जगभरातून २७ दशलक्षांच्या आसपास गल्ला. आमच्या धंद्यात असे प्रोजेक्ट मी पाहिलेत. सात-आठ वर्षं, चार आर्किटेक्ट, आणि शेवटी कुणालाच आठवत नाही की मुळात काय बनवायचं होतं. व्हायोलाचं काम करणाऱ्या डेझी रिडलीला सिनेमाने फारसं काही करू दिलेलं नाही. जिच्या मनातलं ऐकू येत नाही तिने खरं तर जास्त बोलायला हवं होतं. इथे उलट आहे. कुत्र्याचं जे केलंय ते तर मी लेकीला कधीच बघू देणार नाही.

पण कल्पना! माझ्यासारख्या इंजिनिअरला ती लगेच कळते. प्रोग्राम चालताना आतल्या आत काय घडतंय त्याची नोंद होत असते, त्याला लॉग म्हणतात. तो फक्त आम्ही बघायचा असतो, गिऱ्हाइकाने नाही. चुकून तो गिऱ्हाइकाला दिसला की कंपनीची अब्रू जाते. प्रेंटिसटाउनमध्ये प्रत्येक पुरुषाचा लॉग चोवीस तास चौकात लागलेला आहे. व्हायोलाचं चुंबन घ्यावंसं वाटतं हे टॉडच्या मनात येतं आणि तिच्यासमोरच येतं. आम्ही दोघं खूप हसलो. टॉडने त्यावर उपाय काय शोधलाय, तर मनात स्वतःचं नाव घोकत राहायचं, म्हणजे बाकीचं झाकलं जातं. बायको म्हणाली, “हे नामस्मरणच झालं की.” मराठीत दुसऱ्याच्या मनातलं ओळखणाऱ्याला मनकवडा म्हणतात आणि तो गुण समजतात. सगळेच मनकवडे झाले तर काय, हा विचार आपल्याकडे कुणी केलेला दिसत नाही.

आणि परग्रह म्हणाल तर तो आमच्या दारात आहे. इथून गाडीने दीडेक तासावर मालिन हेड, आयर्लंडच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक. २०१६ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’चं युनिट तिथे आलं होतं. ‘द लास्ट जेडाय’मध्ये म्हातारा ल्यूक स्कायवॉकर ज्या ग्रहावर दडून बसतो, त्या ग्रहाचं काही चित्रीकरण तिथलं आहे. बाकीचं केरीजवळच्या स्केलिग मायकल बेटावरचं. त्या सिनेमातली नायिकाही हीच डेझी रिडली. तिथे काळे खडक, खाली फेसाळलेला अटलांटिक, झाड औषधालाही नाही. आम्ही गेल्या वर्षी गेलो तेव्हा लेकीने विचारलं, “हे पृथ्वीवरच आहे ना?” तिथला फोटो आईला पाठवला. आईचं उत्तर, “पोरीला टोपी घाला.”

आमचं मनातलं इथे कुणाला ऐकू येत नाही याची सवय झाली होती. दुकानात, बसमध्ये आम्ही मराठीत वाट्टेल ते बोलतो. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या आजीबाई एक-एक नाणं मोजत होत्या. मी बायकोला म्हणालो, “या आता दिवाळीपर्यंत चिल्लर मोजणार.” मागून कुणीतरी खो खो हसलं. इथल्या हॉस्पिटलातले डॉक्टर निघाले, नांदेडचे. कान असे गरम झाले! तेव्हापासून मी दुकानात जपून बोलतो. (डॉक्टरांशी मैत्री झाली ती झालीच.)

सिनेमात एक जागा अशी आली की बायकोचा भडंगाचा हात थांबला. टॉडच्या आईने लिहून ठेवलेली डायरी त्याच्यापाशी आहे. पण त्याला वाचता येत नाही. जिथे सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं तिथे अक्षरओळख कशाला, असंच त्या गावाने ठरवलेलं दिसतं. ती डायरी व्हायोला त्याला वाचून दाखवते आणि त्यातून खरं कळतं. बायका स्पॅकलनी मारलेल्या नाहीत. गावातल्या पुरुषांनीच मारल्या, महापौराच्या पुढाकाराने. आपलं सगळं त्यांना ऐकू येतं आणि त्यांचं आपल्याला काहीच नाही, हे सहन झालं नाही म्हणून. आणि मग एवढ्या उघड्या मनांच्या गावात ही गोष्ट पोरांपासून लपवून ठेवली.

बायको म्हणाली, “आपल्या पोरीला तरी कुठे वाचता येतंय?” खरंच आहे. लेक मराठी बोलते, भांडतेसुद्धा मराठीत, पण देवनागरी म्हणजे तिला तोरण टांगल्यासारखं दिसतं. माझ्या आईने येताना दिलेली वही, ज्यात गोड्या मसाल्यापासून बाळाच्या गुटीपर्यंत सगळं तिच्या अक्षरात आहे, ती आमच्या कपाटात आहे. लेकीला ती कुणीतरी वाचूनच दाखवावी लागेल.

त्या रात्री झोप लागेना. इथल्या लोकांना ‘कसे आहात?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘ग्रँड’. पाय मोडला तरी ग्रँड, छप्पर उडालं तरी ग्रँड. आम्ही सुरुवातीला हसायचो. पण आमचा रविवारचा कॉल म्हणजे तरी काय? “काय चाललंय?” “मजेत. तुमचं?” “आमचं काय, मजेत.” मग पाऊस, मग जेवण, मग लेकीचं एखादं गाणं. हिवाळ्यात आमचे साडेबारा म्हणजे तिकडचे सहा. सीरियल सुरू व्हायच्या आत आटपायचं.

गेल्या वर्षी जुलैत बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मला कळली पाच दिवसांनी. तीही चुलतभावाच्या मेसेजमधून, ‘काका आता बरे आहेत, काळजी करू नको’. त्याला वाटलं मला माहीत आहे. मधला जो रविवार गेला त्या दिवशी आईने व्हिडिओ लावलाच नव्हता. रेंज नाही म्हणाली. मी चिडलो, खूप बोललो. आई शांतपणे म्हणाली, “तू तिथून काय करणार होतास? तिकीट काढून धावत आला असतास, तोवर ते घरी आले असते.” यावर उत्तर नव्हतं. आणि मी कुठल्या तोंडाने बोलत होतो? त्याच्या आदल्याच वर्षी माझी नोकरी गेली होती आणि पुढची मिळायला साडेतीन महिने लागले होते. स्टॅम्प ४ हातात होता, म्हणून नोकरी गेली तरी देशात राहता येत होतं, एवढाच आधार. त्या साडेतीन महिन्यांत चौदा-पंधरा रविवार आले असतील. प्रत्येक रविवारी मी ‘कामाचा लोड आहे’ म्हणून सांगितलं. लोड कसला, मी मुलाखतींची तयारी करत होतो आणि दुपारी तळ्याकाठी चकरा मारत होतो.

म्हणजे दोन्हीकडचा नॉइज बंद. सिनेमातला महापौर तेच तर करतो. मनातलं दाबून ठेवायची कला त्याला साधलेली आहे, हवं तेवढंच तो बाहेर सोडतो. गावात त्याच्याएवढा शांत माणूस दुसरा नाही.

यंदा जे दाबून ठेवलं होतं ते आणखी मोठं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्या पैशातून सांगलीचं घर झालं. आता गेल्या दिवाळीपासून त्यांनी वरचा मजला काढलाय. कुणासाठी ते बोलायची गरज नाही. ‘दोन-तीन वर्षांत येऊ’ असं आम्ही २०१९ मध्ये सांगून निघालो होतो आणि अजून तेच सांगतो. ऑक्टोबरात बाबांनी विचारलं, “वरच्या हॉलला टाइल्स कुठल्या घालू? पांढऱ्या की क्रीम?” मी म्हणालो, “पांढऱ्या.” त्या वेळी माझ्या लॅपटॉपवर आयरिश नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवलेला होता. पाच वर्षांचा हिशोब पूर्ण, कागदपत्रं जोडलेली, १७५ युरो फी भरून ‘सबमिट’ दाबायचं तेवढं बाकी. न्यू वर्ल्डवर असतो तर त्या क्षणी माझ्या डोक्याभोवती तो फॉर्म फडफडताना बाबांना दिसला असता. मी आपलं मनात घोकत होतो, पांढऱ्या, पांढऱ्या, पांढऱ्या.

तर रविवार. साडेबाराला कॉल लावला. आधी सिनेमाची गोष्ट सांगितली, कारण दुसरं काही सुरू कसं करायचं ते सुचत नव्हतं. बाबांना अशा गोष्टी आवडतात. मला पाचवी-सहावीत नारळीकरांचं ‘प्रेषित’ त्यांनीच आणून दिलं होतं. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा टोपणनावाने पाठवली होती हेही त्यांच्याकडूनच ऐकलेलं. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा आमच्या कॉलवर पहिल्यांदाच हवापाण्याऐवजी दुसरा विषय निघाला होता.

बाबांनी सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, “घोड्यावरून म्हणजे यानाला डिझेल नव्हतं काय?” मागून आई स्वयंपाकघरातून बोलली. ती ऐकत होती हे मला माहीतच नव्हतं. “बायकांच्या मनातलं ऐकू येत नव्हतं म्हणून मारलं होय? मग विचारायचं होतं की त्यांना. तोंड होतं ना त्या बायकांना?”

यावर आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी सांगितलं. अर्जाचं, आणि नोकरी गेली होती तेही, सगळं एकदम, मुलाखतीत सांगतात तसं मुद्द्यामुद्द्याने. बायको शेजारी येऊन बसली होती.

बाबांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे इथला पासपोर्ट जमा करावा लागणार तुला?”

“हो. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. पण ओसीआय कार्ड मिळतं. आयुष्यभर केव्हाही येता येतं, राहता येतं. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.”

“शेत घ्यायला पैसा आहे कुणाकडे,” बाबा म्हणाले. मग, “ते कार्ड हरवलं तर?”

“दुसरं मिळतं.”

“झेरॉक्स काढून ठेव माझ्याकडे एक.”

आई येऊन कॅमेऱ्यासमोर बसली. पदराला हात पुसत माझ्याकडे नाही, सुनेकडे बघत म्हणाली, “तीन महिने कसं भागवलंत गं?” बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. माझ्यासकट.

मी म्हणालो, “बाबा, वरच्या मजल्याचं काम थांबवायचं असेल तर थांबवा. उगाच खर्च नको.”

“थांबवतोय कशाला? टाइल्स बसल्यासुद्धा. पांढऱ्याच घातल्यात.”

“मळणार आहेत,” आई म्हणाली.

“चांगल्या दिसतात का?” मी विचारलं.

बाबा एकदम गप्प झाले. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि तीच म्हणाली, “सांगा की आता. एवढी गोष्ट ऐकलीत ना.” तेव्हा कळलं. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे, जुलैत दम लागला होता तेव्हापासून. म्हणजे यंदाच्या जुलैत. हेही आम्हाला नव्यानेच कळत होतं. वरचा मजला सगळा त्यांनी खाली खुर्ची टाकून बसून बांधून घेतला. टाइल्स त्यांनी बघितलेल्या नाहीत. गवंडी फोनवर फोटो काढून आणून दाखवतो.

“तसं ग्रँड आहे सगळं,” बाबा म्हणाले. हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचललाय. आईने त्यांच्या दंडाला चापट मारली.

पुढच्या दहा मिनिटांत रिपोर्ट, गोळ्यांची नावं, डॉक्टरांची पुढची तारीख, सगळं मी लिहून घेतलं. सीरियल सुरू होऊन गेली, आई उठली नाही. नांदेडच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवतो म्हटलं तर बाबांना ते पटलं. जानेवारीत पंधरा दिवस येतो असंही ठरलं. तिकिटं बघायची आहेत, डब्लिनहून घ्यायची की बेलफास्टहून हे भावावर.

अर्ज अजून तसाच आहे. या आठवड्यात दाबेन.

संध्याकाळी बाबांनी तो गवंड्याने काढलेला फोटो पाठवला. पांढऱ्या टाइल्स, कोपऱ्यात सिमेंटची पाटी, एक चप्पल, आणि खिडकीतून आलेलं ऊन. असं ऊन इथे आम्ही सप्टेंबरपासून पाहिलेलं नाही. लेकीला फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करून नीट बघितला आणि विचारलं, “यात माझी खोली कुठली?”

आजोबांना विचारून सांगतो म्हटलं.